खरं सांगणारं माणूस

“वैजू, माग बंद पडलेत काय गं?”

दादा दारात उभा राहून विचारत होता. अंगात कामाचा शर्ट, हातात डब्याची पिशवी. मार्च महिना होता, सकाळचे आठ वाजत आले होते, आणि आमच्या गल्लीत कधी नव्हे त्या चिमण्या ऐकू येत होत्या.

“व्हय दादा. खरंच बंद पडलेत. आजपासून सगळ्या गावाचे.”

“म्हणजे मला एकट्यालाच ऐकायला येईना झालंय, असं न्हाई.”

“न्हाई. मलाबी येत न्हाई.”

त्यानं मान हलवली, पिशवी खुंटीला लावली आणि कॉटवर बसून राहिला. शर्ट मात्र दुपारपर्यंत काढला नाही.

इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालायचा. आम्हाला त्याची इतकी सवय होती की तो आम्हाला जाणवतच नसे. दादाला मात्र तो लागायचा. पद्माकर सातपुते, माझा थोरला भाऊ. बाविसाव्या वर्षापासून त्याला आवाज यायचे. कोण कोण त्याच्याबद्दल बोलायचं, त्याला हुकूम सोडायचं, कुणीतरी न्यायला येणार म्हणून धमकवायचं. गोळ्यांनी ते आवाज दबायचे, पण पुरते जायचे नाहीत. आमच्या मागल्या भिंतीला लागून बसगोंडाअण्णांचा कारखाना. तिथं दादा मशीनवर कांड्या भरायचा, मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या. “तिथं त्यांचं काय चालत न्हाई,” तो हसून म्हणायचा. “एवढ्या आवाजात त्यांनाच घसा बसवून घ्यायला लागतो.” अकरा वर्षांत त्यानं एक खाडा केला नव्हता. आई याचं श्रेय देवाला द्यायची, मी गोळ्यांना द्यायचे आणि दादा मागांना.

त्याआधीचं मात्र सांगायला हवं. आजार पहिल्यांदा उसळला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दादा तीन दिवस खोलीला आतून कडी लावून बसला होता. मामानं तीन माणसं आणली, तोंडाला उपरणी बांधलेली, कारण दादा चावतो असं कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी त्याला चादरीत गुंडाळलं आणि दोरीनं आवळून जीपमध्ये टाकलं. मी जिन्यात उभी होते. दवाखान्यातून परत आल्यावर कितीतरी वर्षं दारावर थाप पडली की तो मोरीत जाऊन बसायचा. आवाज त्याला न्यायला येणाऱ्यांचीच भीती घालायचे, आणि त्यात वेड्यासारखं काही नव्हतं. एकदा ते खरोखर आले होते.

पुढं सांगलीच्या एका डॉक्टरांनी त्याला मार्गावर आणलं. त्यांनी गोळ्या बदलल्या आणि एक दिवस आम्हा तिघांना समोर बसवलं.

“पद्माकर, एक माणूस ठरव. काही दिसलं, ऐकू आलं आणि शंका आली की त्याच माणसाला विचारायचं. ते माणूस हो म्हणालं तर आहे, नाही म्हणालं तर नाही. कुणाला विचारशील?”

आई पदर सावरून पुढं सरकली. दादा म्हणाला, “वैजूला.”

आईचा चेहरा पडला. तसा तो घाईनं म्हणाला, “आई, तू मला बरं वाटावं म्हणून कायबी सांगशील.”

डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडं वळून म्हणाले, “हे सोपं काम नाही. त्याच्याशी खोटं बोलायचं नाही. त्याच्या भल्यासाठीसुद्धा नाही. एकदा जरी बोललात तरी त्याला उभं राहायला जागा उरणार नाही.”

मी बरं म्हटलं. मी बालवाडीत शिकवायचे, दिवसभर पोरांच्या शंकांना उत्तरं द्यायचे. मला वाटलं, हे काय अवघड आहे?

आणि खरंच अवघड गेलं नाही. “वैजू, समोरची बाई मला बघून खाकरली काय?” “खाकरली, पण तिला खोकला झालाय, सकाळपासनं सगळ्यांना बघून खाकरालीय.” “वैजू, कौलावर कोण चालतंय काय?” “न्हाई दादा.” एवढं म्हटलं की त्याचे खांदे खाली यायचे, आणि तो जेवायला बसायचा. एकदा जेवता जेवता त्याचा हात थांबला. “बँड वाजतोय. सनई बी हाय.” मीही ऐकलं. “वाजतोय की! वरच्या गल्लीत लग्न हाय.” मग आम्ही दोघंही इतके हसलो की आईला कळेना काय झालं.

त्या मार्चनंतर मात्र सगळं उलटं झालं.

त्याआधीच्या रविवारी अख्खं गाव दारात येऊन ताटं वाजवत होतं. दादानं कानावर हात ठेवून विचारलं, “तुला ऐकायला येतंय?” मी हो म्हटलं. मामाला फोन लावला तर फोनमधून आधी खोकण्याचा आवाज आला. दादानं फोन कानापासून लांब धरला. “वैजू, फोन खोकतोय.” मी कान लावला. “व्हय दादा. सगळ्यांचेच फोन खोकालेत. सरकारनं घातलंय ते.” गाडीवरचा भोंगा सांगत होता, घराबाहेर पडू नका. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तोंड झाकलेली माणसं येऊन प्रत्येकाच्या कपाळावर पिस्तुलासारखं काहीतरी रोखत होती. “हे हाय?” “हाय.” “आणि ते?” “तेबी हाय, दादा.”

मे महिन्यात एका दुपारी तो शांतपणे म्हणाला, “म्हणजे मला जे दिसायचं, ते आता सगळ्यांना दिसायला लागलंय.”

डॉक्टरांचा फोन लागायचा, ते डोस वाढवून सांगायचे, गोळ्याही कशाबशा मिळत होत्या. पण भिंतीपलीकडं माग गप्प होते आणि त्या शांततेत आवाजांना रान मोकळं मिळालं होतं. दादाची झोप गेली. तो दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारायचा, आणि दर वेळी मी हो म्हटलं की तो थोडा आक्रसायचा. एखादं तरी ‘नाही’ सापडावं म्हणून मी आसुसले होते. त्याचे खांदे खाली आलेले मला बघायचे होते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आईला ताप आला. चौथ्या दिवशी ती बोलता बोलता धापा टाकू लागली. मी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला, तेव्हा तिनं माझा हात धरला.

“गाडी दारात आणू नको म्हणावं. मी कोपऱ्यापर्यंत चालत येते.”

“आई, तुला दोन पावलं टाकवेनात.”

“टाकवतील. पदूनं ते लोक बघायला नकोत.”

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई ती. तिनं पिशवी भरली, केस विंचरले आणि दादाच्या खोलीच्या दारातून, तोंडाला पदर लावून म्हणाली, “पदू, मी जरा दवाखान्यात जाऊन येते. येस्तवर गोळी चुकवू नको.”

“कधी येणार?”

“येते की दोन-चार दिवसांत. काय आणू तुला?”

“काय नको. तू ये.”

भिंतीला हात लावत ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. दोनदा थांबली. मी मागं चालत होते, आणि ती मला हातानं खुणावत होती, त्याच्याजवळ जा.

मग आमच्या दोघांच्या नाकातले नमुने नेले. तिसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेतून फोन आला. माझा अहवाल निगेटिव्ह, दादाचा पॉझिटिव्ह. त्याला एका वसतिगृहात केलेल्या केंद्रात दहा-बारा दिवस ठेवणार होते.

“साहेब, त्याला ताप नाही, काही नाही. घरीच ठेवा ना. त्याला मानसिक आजार आहे. नाहीतर मला तरी सोबत येऊ द्या.”

“ताई, तुमच्या घरात संडास एकच आहे. आणि निगेटिव्ह माणूस आत कसा सोडू? पेशंट मारतो-बिरतो काय?”

“नाही हो. मुंगीलाही दुखवत नाही.”

“मग झालं तर. तासाभरात गाडी येते. आधी सांगू नका म्हणजे झालं. परवा एक जण माळ्यावर चढून बसला, चार तास गेले आमचे.”

मी सांगितलं नाही. पिशवीत त्याचे कपडे भरले, गोळ्या भरल्या, कुठली किती वाजता हे ठळक अक्षरांत लिहून चिठ्ठी टाचली. तासभर मी नुसती विचार करत होते, कसं सांगू. प्रत्येक वाक्य मनात म्हणून बघितलं आणि प्रत्येकात मला जीप दिसली.

दादा पुढच्या खोलीत आईच्या वाळलेल्या लुगड्याची घडी घालत होता. खिडकी उघडी होती. आधी गाडी थांबल्याचा आवाज आला, मग समोरच्या घरांची दारं पटापटा लागली. दादानं मान वर केली आणि त्याचे हात जागीच थांबले.

“वैजू.”

“काय दादा?”

“तीन माणसं हायेत. पांढरी. त्यांना तोंडं न्हाईत.” तो कुजबुजत होता, पण अगदी सावकाश, शब्द न् शब्द नीट. असं विचारायला त्याला किती कष्ट पडत होते ते मला दिसत होतं. मोरीकडं पळावंसं वाटत असताना तो जागेवर थांबून मला विचारत होता. “तुला दिसतायत काय?”

मी खिडकीतून बघितलं. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे झगे, डोळ्यांवर काच. एकाच्या पाठीवर फवारणीचा पंप. पुढच्यानं मला बघून हातमोजा घातलेला हात वर केला.

“न्हाई दादा,” मी म्हटलं. “कोण न्हाई.”

त्याचे खांदे खाली आले. किती महिन्यांनी आले. त्यानं मोठा श्वास सोडला, थोडं लाजल्यासारखं हसला. “मग ठीक हाय,” म्हणाला, आणि दाराकडं पाठ करून लुगड्याची राहिलेली घडी घालू लागला.

दार ढकलून ते आत आले. पुढच्या माणसानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला. वाईट नव्हता तो माणूस, हलकेच ठेवला. “चला काका.”

दादा ओरडेल असं मला वाटलं होतं. दोघांनी धरायची तयारीही ठेवली होती. दादानं त्यांच्याकडं बघितलंच नाही. तो माझ्याकडं बघत राहिला.

“वैजू, हात लागतोय गं.”

मी कपड्यांची पिशवी पुढच्या माणसाच्या हातात दिली.

तो त्यांच्याबरोबर गेला, लहान मुलासारखा. गाडीत चढताना पायरीवर अडखळला तेवढाच. मागून एकानं सगळ्या घरात फवारा मारला, दारावर कागद चिकटवला आणि मी आत राहिले.

चौथ्या दिवशी दुपारी आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला. नाव, वय, पत्ता विचारून खात्री केली त्यांनी. बाकीचं सगळं तेच करणार होते. मला दाराबाहेर पडता येत नव्हतं. मामा येणार होता, त्याला गावाच्या हद्दीवरूनच परत लावलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात तिच्या पाटाशेजारी बसून राहिले. रडण्याचा आवाज ऐकून शेजारीण भिंतीपलीकडून काहीतरी बोलत होती. केंद्रात फोन केला. तिथल्या बाईनं सांगितलं की पेशंट शांत आहे, पण जरा कमी जेवतो. “आईचं सांगायचं का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, नको, घरी आला की मी सांगते.

दादा बाराव्या दिवशी आला. ओळखू येत नव्हता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, शर्टात दुसरा माणूस मावेल एवढा वाळलेला. त्याच गाडीत रावसाहेब खोत म्हणून एक निवृत्त कंडक्टर होते, दादाच्या शेजारच्या खाटेवरचे. ते त्याला हाताला धरून दारापर्यंत सोडायला आले. दादा आत गेल्यावर ते उंबऱ्याबाहेर घुटमळले.

“वैजू म्हणजे तुम्हीच काय?”

“हो.”

“राग मानू नका ताई, पण काय सांगून पाठवला होता तुम्ही त्याला?”

“का हो?”

“पहिले पाच दिवस अन्नाला शिवला न्हाई. ताट पुढं केलं की डोळे मिटून घ्यायचा. म्हणायचा, तुम्ही न्हाई आहात. हे ताट न्हाई. वैजूनं बघून सांगितलंय, कोण न्हाई. नर्सबाई गोळी द्यायला आली तर तिलाबी तेच. मी म्हटलं, बाबा, माझ्या हाताला चिमटा काढून बघ. तर म्हणाला, हात लागतोय मला, पण वैजू खोटं बोलत न्हाई.”

मी दाराची चौकट धरली.

“भुकेनं पाय लटपटायला लागले तरी ऐकंना,” खोत म्हणाले. “मग सहाव्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. सकाळी उठून बसला, सगळ्या हॉलवरनं नजर फिरवली. चाळीस खाटा होत्या. एकेक माणूस बघितला त्यानं. आणि तोंडावर पांघरूण घेऊन असा रडला, ताई, असा रडला... त्यानंतर जेवायला लागला. बोलला मात्र न्हाई.”

मी इतके दिवस समजत होते की त्या सकाळी, खांद्यावर हात पडला त्या क्षणी मी त्याला गमावलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो पाच दिवस माझा शब्द धरून बसला होता. डोळे खोटे, हात खोटा, पोटातली भूक खोटी, आणि वैजू तेवढी खरी.

त्या दिवशी त्याला आंघोळ घातली, मऊ भात भरवला. मग समोर बसून म्हटलं, “दादा, त्या दिवशी माणसं होती. मी खोटं बोलले.”

“व्हय,” तो म्हणाला. “कळलं मला.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पायावर डोकं ठेवलं असतं.

“अजून एक सांगायचंय. आई गेली रे. तू तिकडं होतास तेव्हा.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. रस्त्यावर पत्ता विचारणाऱ्या माणसाकडं बघावं तसं, सभ्यपणे.

“तू बघितलंस?”

मला हो म्हणता आलं असतं. एका शब्दानं काम झालं असतं कदाचित. पण माझ्या तोंडून खरं निघालं.

“न्हाई. बघायला दिलं न्हाई कुणालाच. फोन आला होता.”

“बरं,” तो म्हणाला, आणि उठून कॉटवर जाऊन पडला.

मी मृत्यूचा दाखला दाखवला. मामानं सांगितलं. सांगलीच्या डॉक्टरांनी दोन-तीनदा समजावलं. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. वर्षश्राद्धाच्या ताटावर बसला, जेवला, आणि हात धुऊन मला म्हणाला, “आई आली की तिला हे सांगू नको. घाबरेल.”

माग परत सुरू झाले. दादा परत कांड्या भरू लागला. गोळ्या घेतो. शेजारीपाजारी म्हणतात, तुमचा पद्माकर यातून चांगला सावरला. आवाज येतात की नाही, मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी मला कळलं की सुटीच्या दिवशी तो फिरायला म्हणून जातो तो एसटीनं जातो, आईला नेलं होतं त्या दवाखान्यात. एका रविवारी मी मागच्या गाडीनं गेले. फाटकाजवळच्या कट्ट्यावर तो बसला होता. मांडीवर डबा, नीट विंचरलेले केस. समोरून येणाऱ्या जाणाऱ्या बायकांचे चेहरे बघत होता.

फाटकावरचा वॉचमन मला विचारू लागला, “तुम्ही त्यांच्या घरच्या काय? बरं झालं भेटलात. दर सुटीला येतात, कुणाला काही त्रास न्हाई. आई ॲडमिट हाय म्हणतात. मी दोनदा आत चौकशी केली, त्या नावाची बाईच न्हाई.”

“ती गेली,” मी म्हटलं. “चार वर्षं झाली. कोरोनात.”

त्यानं टोपी काढली. दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“अरेरे. मग तुम्ही त्यांना सांगत का न्हाई?”

मी जाऊन कट्ट्याजवळ उभी राहिले. दादानं वर बघितलं, मी कशी आले, का आले, काही विचारलं नाही. डबा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि मला बसायला जागा करून दिली.